घरी टी-शर्ट छापायचा, तर कोणत्या पद्धतीने?

गणेशोत्सव जवळ आला की मंडळांचे, ढोल-ताशा पथकांचे आणि ट्रेकला जाणाऱ्या गटांचे टी-शर्ट छापून घेण्याची लगबग सुरू होते, आणि बहुतेकांची मागणी साधारण सारखीच असते: काळा सुती टी-शर्ट आणि त्याच्या छातीवर पांढरी किंवा भगवी देवनागरी अक्षरे. घरच्या घरी छपाई करू पाहणाऱ्याला हे काम सर्वांत सोपे वाटते. प्रत्यक्षात मात्र घरी जमण्यासारख्या म्हणून ज्या पद्धती सांगितल्या जातात, त्यांतल्या काही या मागणीपुढे सरळ बाद होतात आणि काही जेमतेम टिकतात. यंत्र आधी घेऊन कापडाचा विचार नंतर करणाऱ्यांची फसगत होते ती इथेच. म्हणून पद्धतींची तुलना करताना यंत्राच्या किमतीपासून सुरुवात न करता धागा कोणता, कापडाचा रंग कोणता आणि नग किती, हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत, असे माझे मत आहे.

छापलेला रंग कापडावर तीनच ठिकाणी राहू शकतो. तो धाग्याच्या आत शिरतो, किंवा बाइंडर नावाच्या चिकट द्रव्याच्या आधाराने धाग्याभोवती घट्ट बसतो, किंवा कापडाच्या पृष्ठभागावर स्वतंत्र थर होऊन चिकटतो. छपाई हाताला जाणवते की नाही, धुण्यात किती टिकते, घाम आला की कशी वाटते, या सगळ्याची उत्तरे रंगाची जागा कळली की बऱ्याच अंशी मिळतात.

रंग धाग्याच्या आत शिरवणारी घरगुती पद्धत म्हणजे सब्लिमेशन. यात विशिष्ट शाई भरलेल्या प्रिंटरवर चित्र उलटे, म्हणजे आरशात दिसते तसे, कागदावर छापतात आणि तो कागद कापडावर पालथा ठेवून हीट प्रेसमध्ये, म्हणजे तापलेल्या सपाट पाटाने दाब देणाऱ्या यंत्रात, साधारण १९० ते २०५ अंश सेल्सियस तापमानाला ४५ ते ६० सेकंद दाबतात. कापूर जसा द्रवरूप न होता थेट हवेत उडून जातो, तशी या शाईतील रंगद्रव्ये उष्णतेने घनरूपातून थेट वायुरूपात जातात. त्याच उष्णतेने पॉलिएस्टरच्या धाग्यातील रेणूंच्या साखळ्या सैल होतात, वायुरूप रंग त्यांच्यामध्ये शिरतो आणि धागा थंड झाल्यावर तिथेच अडकून राहतो. म्हणूनच अशा छपाईवरून हात फिरवला तर काहीही जाणवत नाही आणि ती तडकण्याचा प्रश्नच येत नाही, कारण तडकायला वर थरच नसतो.

एवढे गुण असूनही आपल्या काळ्या सुती टी-शर्टाला या पद्धतीचा काहीही उपयोग नाही, आणि त्याची कारणे दोन आहेत. ही रंगद्रव्ये पॉलिएस्टरसाठीच घडवलेली आहेत. सुताला ती धरून राहत नाहीत, त्यामुळे सुती कापडावर उमटलेले चित्र थोड्याच धुण्यांत फिके पडते. दुसरे असे की या शाईत पांढरा रंग नसतो आणि बाकीचे रंग पारदर्शक असतात. चित्रातला पांढरा भाग म्हणजे कापडाचाच पांढरेपणा, त्यामुळे गडद कापडावर छापलेले दिसतच नाही. निम्मे सूत आणि निम्मे पॉलिएस्टर असलेल्या कापडावर चित्र विटल्यासारखे उमटते. काहींना ते आवडते, पण ते आधी ठरवून करावे. पांढऱ्या किंवा फिक्या पॉलिएस्टरच्या खेळाच्या जर्सीसाठी मात्र सब्लिमेशनइतकी चांगली घरगुती पद्धत दुसरी नाही. या कामाला साधी इस्त्री चालत नाही, कारण तिचे तापमान सर्वत्र सारखे नसते आणि ती जराशी सरकली तरी चित्राला दुहेरी कडा येतात. घरातला प्रिंटर या शाईसाठी वापरायचा विचार असेल, तर तो उष्णतेने शाई फेकणारा नसावा, दाबाने फेकणारा असावा. शिवाय एकदा ही शाई भरली की त्यावर कार्यालयीन कागद छापायचे सोडून द्यावे लागते, कारण प्रेसखाली जाईपर्यंत हे रंग मळकटच दिसतात.

नेहमीच्या इंकजेट प्रिंटरवर छापता येणारा ट्रान्स्फर कागद ही सर्वांत स्वस्त सुरुवात असली, तरी तिच्यावर फार वेळ घालवण्यासारखे काही नाही. फिक्या कापडाच्या कागदावर पारदर्शक पापुद्रा असतो आणि चित्र उलटे छापावे लागते. गडद कापडाच्या कागदावर पांढरा पापुद्रा असतो आणि चित्र सुलटे छापतात. दोन्हींत छातीवर एक कडक ठिगळ बसल्यासारखे वाटते, कडा कात्रीने नीट न कापल्यास त्या दिसत राहतात आणि काही धुण्यांनंतर बारीक चिरा पडू लागतात. इंकजेटचा कागद लेझर प्रिंटरमध्ये मात्र कधीही घालू नये, कारण आतल्या तापलेल्या रोलरवर तो पापुद्रा वितळून बसतो. एखाद्या वाढदिवसापुरते हे ठीक आहे. विकायच्या टी-शर्टांवर मी हा कागद वापरणार नाही.

काळ्या सुती टी-शर्टाला खऱ्या अर्थाने न्याय देणारी पहिली पद्धत म्हणजे उष्णतेने चिकटणारे व्हिनाइल. पॉलियुरेथेनचा किंवा पीव्हीसीचा पातळ रंगीत पापुद्रा एका पारदर्शक आधारपत्रावर बसवलेला असतो. संगणकाला जोडलेला कटर त्या पापुद्र्यावर उलटे अक्षर कापतो, पण आधारपत्र कापत नाही. मग नको असलेला भाग अणकुचीदार सळईने किंवा चिमट्याने सोलून काढायचा आणि उरलेले अक्षर साधारण १५० ते १६० अंशांना १० ते १५ सेकंद दाबायचे. नेमके आकडे पापुद्र्यागणिक बदलतात, म्हणून पाकिटावरची सूचना प्रमाण मानावी. पापुद्रा अपारदर्शक असल्याने काळ्यावर पांढरे तितकेच ठसठशीत उठते. लहान अक्षरांसाठी इस्त्रीही चालते, मात्र ती वाफ बंद करून, खाली कठीण सपाट पाट ठेवून आणि न सरकवता दाबावी लागते. तळाला वाफेची भोके असलेल्या इस्त्रीने त्या भोकांखालचा भाग कच्चा राहतो. छायाचित्र किंवा छटांचे चित्र या पद्धतीने होत नाही. मोठा भरीव आकार छातीवर लावला तर तेवढ्या भागातून हवा खेळत नाही आणि ढोल वाजवणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येते. म्हणून व्हिनाइलसाठी भरीव चित्रापेक्षा अक्षरे किंवा रेषांची आकृती निवडावी.

व्हिनाइलचे आणि देवनागरीचे नाते मात्र जरा सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण रोमन लिपी समोर ठेवून दिलेल्या सूचना इथे पुरत नाहीत. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकसंध राहतो आणि सोलताना किंवा चिकटवताना अक्षरे सुटी होत नाहीत, ही आपली मोठी सोय आहे. पण बऱ्याच फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते, आणि पडद्यावर शब्द अखंड दिसत असला तरी कटरला त्या एकमेकींवर चढलेल्या स्वतंत्र आकृत्याच दिसतात. मग तो प्रत्येक सांध्यावर पाते फिरवतो आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. यावर उपाय असा की इंकस्केपसारख्या मोफत संगणक-प्रणालीत मजकुराचे बाह्यरेषांत रूपांतर करावे, सर्व आकृत्या एकत्र जोडाव्यात आणि मगच ती फाइल कटरकडे पाठवावी. कटरसोबत येणाऱ्या प्रणालीत जोडाक्षरे फुटत असतील किंवा ऱ्हस्व वेलांटी भलत्या ठिकाणी जात असेल, तर तीही अडचण याच मार्गाने सुटते. अनुस्वार सुटा असतो आणि दोनेक मिलिमीटरपेक्षा लहान असला तर सोलण्याच्या कचऱ्यात हमखास निघून जातो, म्हणून जाड वळणाचा फाँट घ्यावा. मजकूर उलटा करण्यापूर्वीच तो दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावा. उलट्या देवनागरीतील चुकीची वेलांटी डोळ्यांना सापडत नाही, आणि चुकीच्या वेलांटीचा टी-शर्ट मंडळ वर्षभर मिरवते.

गेल्या काही वर्षांत व्यावसायिक छपाईत ज्या पद्धतीने जम बसवला आहे, ती डीटीएफ, म्हणजे ‘डायरेक्ट टू फिल्म’. तिच्यात पीईटी या प्लास्टिकच्या पारदर्शक फिल्मवर आधी रंग आणि त्यांवर पांढऱ्या शाईचा थर छापतात. ओल्या शाईवर उष्णतेने वितळणारी पॉलियुरेथेनची बारीक पूड भुरभुरवतात, ती तापवून शाईला एकजीव करतात आणि मग फिल्म कापडावर पालथी ठेवून दाबतात. फिल्म सोलून काढली की रंग वर, पांढरा त्याच्या खाली आणि वितळलेली पूड कापडाला धरून, असा थर मागे उरतो. चिकटवण्याचे काम पूड करत असल्याने सूत असो वा पॉलिएस्टर, काळा असो वा पांढरा, या पद्धतीला फारसा फरक पडत नाही, आणि छायाचित्रही उतरवता येते.

तरीही डीटीएफचा प्रिंटर घरी आणू नये, असे मी आग्रहाने सांगेन. पांढऱ्या शाईतील टायटॅनियम डायऑक्साइडचे कण जड असतात, ते तळाशी बसतात आणि प्रिंटर काही दिवस बंद राहिला तर त्याची सूक्ष्म छिद्रे बुजतात. रोज चालणाऱ्या दुकानाला ही अडचण झेपते, सणासुदीला चालणाऱ्या घरगुती यंत्राला झेपत नाही. शिवाय पूड हवेत उडते आणि ती तापवताना वाफारा निघतो. त्यासाठी मास्क आणि हवा बाहेर टाकण्याची सोय लागते, जी सदनिकेतल्या खोलीत क्वचितच असते. त्यापेक्षा आपले चित्र पाठवून छापील, पूड लावून तयार केलेली फिल्म व्यावसायिकाकडून मागवावी आणि फक्त प्रेसचे काम घरी करावे. एकाच मोठ्या फिल्मवर अनेक लहान चित्रे दाटीवाटीने बसवून घेतली की खर्चही आटोक्यात राहतो. चित्र पारदर्शक पार्श्वभूमीचे आणि प्रत्यक्ष आकाराला ३०० डीपीआयचे, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांचे, असावे. विरत जाणाऱ्या धूसर कडा मात्र टाळाव्यात, कारण अर्धपारदर्शक रंगाखालचा पांढरा थर तिथे उघडा पडतो.

इथे पॉलिएस्टरची एक खोडी सांगायला हवी. लाल किंवा गडद निळा पॉलिएस्टर टी-शर्ट मुळातच सब्लिमेशनच्या जातीच्या रंगद्रव्यांनी रंगवलेला असतो. त्यावर पांढरे व्हिनाइल किंवा डीटीएफ जास्त तापमानाला दाबले, तर कापडातला रंग वायुरूप होऊन वरच्या पांढऱ्या थरात शिरतो आणि लाल जर्सीवरचे पांढरे अक्षर काही तासांत किंवा दिवसांत गुलाबी होते. दोष छापणाऱ्याच्या हाताचा नसतो. कमी तापमानाला चिकटणारा किंवा रंग अडवणारा थर असलेला पापुद्रा हाच त्यावरचा उपाय.

आता या सगळ्यांत जुनी, कष्टाची आणि नग वाढले की सर्वांत स्वस्त पडणारी पद्धत, म्हणजे स्क्रीन छपाई. कागदाचे छिद्रचित्र, म्हणजे स्टेन्सिल, कापून रंग लावू पाहणाऱ्याला पहिली अडचण येते ती ‘व’ किंवा ‘ब’च्या पोटातल्या बंद जागेची. अक्षर कापले की पोटातला तुकडा गळून पडतो. जपानी कारागिरांनी कापडछपाईच्या कातागामी छिद्रपत्रांत असे सुटे तुकडे केसांनी किंवा रेशमी धाग्यांनी जागच्या जागी धरून ठेवले. स्क्रीन छपाईतील ताणलेली जाळी नेमके तेच काम संपूर्ण पृष्ठभागावर करते. चौकटीवर ताणलेल्या पॉलिएस्टरच्या जाळीवर अंधाऱ्या जागी प्रकाशसंवेदी इमल्शनचा पातळ थर देतात आणि सुकवतात. त्यावर काळ्या शाईत छापलेली पारदर्शक फिल्म, जिला पॉझिटिव्ह म्हणतात, ठेवून अतिनील प्रकाश पाडला की उघडा भाग कडक होतो आणि काळ्या अक्षराखालचा भाग मऊ राहून पाण्याने धुऊन जातो. उरलेल्या मोकळ्या जाळीतून स्क्वीजीने, म्हणजे रबरी पात्याच्या पट्टीने, रंग ओढला की अक्षर कापडावर उतरते. टी-शर्टासाठी सेंटिमीटरला ४३ ते ५५ धागे असलेली जाळी बहुतेक कामांना पुरते. बारीक रेषांसाठी ७७ धाग्यांची घ्यावी, मात्र तिच्यातून रंग कमी उतरतो.

रंगाच्या निवडीवर घरगुती स्क्रीन छपाईचे यश अवलंबून असते. प्लास्टिसॉल हा पीव्हीसीवर आधारलेला रंग काळ्यावर झकास उठतो आणि जाळीत सुकून बसत नाही. पण तो हवेने वाळतच नाही. त्याच्या संपूर्ण जाडीचे तापमान साधारण १६० अंशांपर्यंत पोहोचावे लागते, नाहीतर वरून कोरडा वाटणारा थर पहिल्या धुण्यातच तडकतो. इस्त्रीने ही खात्री देता येत नाही, त्यासाठी हीट प्रेस लागतो. पाण्यावर आधारलेला पिगमेंट रंग बाइंडरच्या साहाय्याने धाग्याभोवती बसतो, मऊ राहतो आणि पाण्याने धुता येतो, म्हणून घरासाठी मी तोच सुचवेन. मात्र साधा पिगमेंट काळ्या कापडात बुडून जातो. त्यासाठी अपारदर्शक पांढरा रंग घेऊन, पहिला हात अर्धवट सुकवून त्याच जागी दुसरा हात द्यावा लागतो, आणि तोपर्यंत कापड तसूभरही हलता कामा नये. उन्हाळ्याच्या दिवसांत पंख्याखाली काम केल्यास हा रंग जाळीतच सुकून छिद्रे बुजवतो, म्हणून दोन नगांच्या मध्ये जाळी रंगाने झाकून ठेवावी. इमल्शन घेताना डायझोचे किंवा तयार संवेदी प्रकारचे घ्यावे. जुन्या पद्धतीत वापरली जाणारी बायक्रोमेटची नारिंगी पूड विषारी आणि कर्करोगकारक असल्याने तिला घरात स्थान नाही.

प्रत्येक रंगाला स्वतंत्र चौकट लागते, त्यामुळे तिसऱ्या रंगानंतर घरच्या टेबलावर जुळणी राखणे अवघड होते. एकरंगी कामात मात्र सगळे कष्ट पहिल्या टी-शर्टापूर्वीचे असतात, त्यानंतर प्रत्येक नगाला मिनिटभराचे काम आणि चमचाभर रंग पुरतो. चौकट तयार करण्याचा भाग नकोसा वाटत असेल, तर लग्नपत्रिका आणि फलक छापणारे स्क्रीन प्रिंटर तालुक्याच्या गावांतही असतात. त्यांच्याकडून इमल्शन चढवून, अक्षर उघडून घेतलेली चौकट आणावी आणि रंग घरी ओढावा. पत्रिकेची जाळी फार बारीक असते, म्हणून कापडावर छापायचे आहे हे त्यांना आधीच सांगावे.

लाकडी ठसे, खोडरबर किंवा लिनोलियम कोरून केलेले ठसे आणि प्लास्टिकच्या पत्र्यातून कापलेली स्टेन्सिल यांना यंत्र लागत नाही. कापडाचे अ‍ॅक्रिलिक रंग वाळल्यावर उलट बाजूने इस्त्री फिरवून पक्के केले की ते चांगले टिकतात, आणि मुलांसोबत करायला याहून आनंदाचे काम नाही. थेट कापडावर शाई फेकणारे डीटीजी यंत्र सुती कापडावर देखणे काम करते, पण त्याची किंमत आणि काळ्या कापडावर आधी द्यावा लागणारा द्रावणाचा हात पाहता ते दुकानातच शोभते.

तर काळा सुती टी-शर्ट आणि पांढरी अक्षरे, ही मागणी पुढ्यात असताना पाच-सात नग असतील किंवा प्रत्येकाच्या पाठीवर वेगळे नाव हवे असेल, तर व्हिनाइल. चित्र बहुरंगी असेल आणि नग पन्नासच्या आत असतील, तर बाहेरून मागवलेली डीटीएफ फिल्म. एकाच रंगात पन्नास किंवा अधिक नग असतील, तर पाण्यावर आधारलेल्या रंगाची स्क्रीन छपाई. छाती सगळ्यांची सारखी आणि पाठीवर नावे वेगळी असतील, तर पुढे स्क्रीन आणि मागे व्हिनाइल असा मेळ घालणेही चांगले, फक्त स्क्रीनचा रंग पूर्ण पक्का झाल्यावरच व्हिनाइल दाबावे.

पद्धत कोणतीही असो, कापडाची तयारी चुकली तर ती बदनाम होते. नव्या कापडावर ते तयार होताना वापरलेली द्रव्ये असतात, ती रंगाला आणि चिकटणाऱ्या थराला धाग्यापर्यंत पोहोचू देत नाहीत. म्हणून शक्य असेल तर टी-शर्ट आधी धुऊन घ्यावा, पण धुताना कापड मऊ करणारे द्रावण घालू नये. बायोवॉश केलेल्या टी-शर्टावरची लव विकरांनी आधीच काढलेली असल्याने त्यावर कडा स्वच्छ उमटतात. गणपतीचे टी-शर्ट छापायचा काळ म्हणजे ऐन पावसाळा, आणि सूत हवेतला ओलावा पटकन धरते. २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेला कोरड्या वजनाच्या ७ ते ८.५ टक्के पाणी सुतात असते, तर पॉलिएस्टरमध्ये जेमतेम ०.४ टक्के. मुंबई-कोकणातल्या श्रावणात हे प्रमाण आणखी वाढते. असा टी-शर्ट थेट दाबला तर त्यातली वाफ पापुद्रा आणि कापड यांच्यामध्ये अडकते आणि चिकटणे कच्चे राहते. छापण्याआधी नुसताच टी-शर्ट काही सेकंद दाबून वाफ काढून टाकणे एवढाच उपाय पुरतो. सब्लिमेशनचा कागद आणि डीटीएफची फिल्म हवाबंद पिशवीत ठेवावी. हीट प्रेसच्या बाबतीत एक गोष्ट खरेदीपूर्वीच पाहावी. टी-शर्टाच्या आकाराचा प्रेस साधारण १४०० ते १८०० वॉट वीज घेतो, त्यामुळे तो ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर न लावता गिझरसारख्या उपकरणाला असतो तसा १६ अँपिअरचा प्लग त्याला द्यावा.

छापल्यानंतर निदान एक दिवस टी-शर्ट धुऊ नये, धुताना तो उलटा करून थंड पाण्यात धुवावा आणि इस्त्रीही उलट बाजूनेच करावी, हे सगळे लिहून दिले तरी घरोघरी कपडे ब्रशने घासले जातात आणि दगडावर आपटले जातात, हे लक्षात ठेवूनच पद्धत निवडावी. म्हणून पहिला नग तयार झाला की तो दुसऱ्या दिवशी साबण आणि ब्रश लावून, पिळून, उन्हात वाळवून चार-पाच वेळा धुऊन पाहावा. अक्षराचा कोपरा उचलला गेला तर दाब किंवा वेळ वाढवावा, थर तडकला तर तापमान तपासावे, रंग फिका पडला तर कापडाच्या लेबलावर धागा कोणता लिहिला आहे ते पुन्हा वाचावे, आणि मगच उरलेले टी-शर्ट प्रेसखाली घ्यावेत.